पिवळे कार्ड, केशरी कार्ड आणि वरळीची एक सोसायटी

गावच्या स्मरणिकेत दुर्गादेवीच्या देवळाचा, शाळेचा, एखाद्या जुन्या मंडळाचा इतिहास शोभतो. मुंबईत वरळीला, राज्य कामगार विमा रुग्णालयाच्या आवारात, जीवनदायी भवन नावाच्या इमारतीतून चालणाऱ्या सरकारी सोसायटीचा इतिहास दापोली तालुक्यातल्या मुरुडकरांनी का वाचावा, असे कोणीही विचारील. राज्य आरोग्य हमी सोसायटी हे नाव पाखाडीवर दहा जणांना विचारले, तर बहुधा एकालाही सांगता येणार नाही. पण बायपास, डायलिसिस, केमो हे शब्द ज्या घरात शिरले, तिथे ‘योजनेतून झालं’ किंवा ‘योजनेत बसलं नाही’ यांपैकी एक वाक्य हटकून ऐकायला मिळते. ती योजना ही सोसायटी चालवते. गावात तिची शाखा नाही, पाटी नाही, वर्षाची सभा नाही. तरी गेल्या बारा वर्षांत गावच्या जिवाशी तिचा संबंध आला आहे, आणि तो कसा आला हे कुठेतरी लिहून ठेवणे बरे.

दहाजणांनी मिळून अडीनडीची तजवीज करायची, ही कल्पना इथे नवी नाही. आपल्या महर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी गावाच्या गरजांसाठी ‘मुरुड फंड’ काढला तो १८८६ साली. पण असल्या फंडातून शाळा उभी राहते, रस्ता होतो, हुशार मुलाची फी भरली जाते. हृदयाच्या झडपेचे बिल गावकीच्या पेटीतून फिटत नाही. अशा दुखण्याला कोकणात वर्षानुवर्षे एकच रस्ता होता, मुंबईचा. दापोलीहून रात्रीची एसटी पकडायची, पहाटे परळला उतरायचे, केईएम किंवा टाटाच्या बाहेर रांग लावायची आणि चाळीतल्या कुणा भावकीच्या खोलीत दहाव्या माणसाची जागा करून घ्यायची. पैशासाठी ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेकडे शब्द टाकायचा, धर्मादाय ट्रस्टांकडून पत्रे गोळा करायची. पत्रे गोळा करणे ही त्या काळी एक पूर्णवेळ नोकरीच होती. घरातला एक माणूस रुग्णाजवळ आणि एक माणूस पत्रांमागे. ज्याच्याकडे असा दुसरा माणूस नव्हता, तो परत गावी यायचा. गावी आल्यावर काय झाले, हे कोणत्याच नोंदवहीत सापडायचे नाही.

राज्य सरकारने या प्रकरणात पहिला हात घातला तो १९९७ मध्ये, जीवनदायी आरोग्य योजना काढून. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांसाठी दीड लाखापर्यंत मदत मिळायची, आणि ती थेट रुग्णालयाला. हेतू चांगला होता, तरी घडण कचेरीच्या सोयीची होती. दारिद्र्यरेषेचा दाखला, जिल्हा शल्यचिकित्सकाची शिफारस, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि मग मंजुरी. मुरुडच्या माणसाला एका कागदासाठी दापोली, दुसऱ्यासाठी रत्नागिरी आणि तिसऱ्यासाठी मुंबई. नकाशावर बोट फिरवून पाहा, म्हणजे हा त्रिकोण केवढा होतो ते कळेल. छातीत कळ आलेल्या माणसाने तो चालायचा होता. कागद पुरे झाल्यावर मदत येई हे खरे, पण कागद पुरे करण्याची ताकद मुळात ज्याच्यात असते, त्याला मदतीची गरज थोडी कमी असते. माझ्या मते या योजनेचा सगळा पुढचा इतिहास याच एका गोष्टीभोवती फिरतो. रक्कम किती, हे वर्तमानपत्रात छापून येते. दारात कोणता कागद मागतात आणि तो मागणारा माणूस कसा आहे, यावर गरीब आत जाणार की बाहेर राहणार, हे ठरते.

नवी घडण दक्षिणेकडून आली. आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने एप्रिल २००७ मध्ये तीन जिल्ह्यांत ‘आरोग्यश्री’ सुरू केली. आजारांची यादी आणि प्रत्येकाचा दर आधीच ठरवायचा, विमा कंपनीला हप्ता सरकारने भरायचा, रुग्णालये निवडून करारात बांधायची आणि रुग्णाने खिशात हात घालायचाच नाही, असा तिचा आराखडा होता. महाराष्ट्राने तो उचलला. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ती चालवण्यासाठी जी सोसायटी स्थापन झाली, तीच आजची राज्य आरोग्य हमी सोसायटी. नॅशनल इन्शुरन्स कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता आणि त्यावर सेवाकर, असा पहिला करार होता. बदल्यात कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख, आणि यादीत ३० विशेष विभागांतले ९७२ उपचार.

आठ जिल्ह्यांत रायगड होता, रत्नागिरी नव्हता. आता मुरुड म्हटले की पर्यटकाला जंजिरा आठवतो, टपाल चुकून तिकडे जाते आणि तिकडचे इकडे येते, ही आपली जुनी रड आहे. या वेळी मात्र फरक गमतीचा राहिला नाही. रायगडातल्या मुरुडला योजना जुलै २०१२ मध्ये मिळाली, आपल्या मुरुडला २१ नोव्हेंबर २०१३ उजाडावा लागला. त्या दिवशी योजना राज्यभर लागू झाली. मधल्या जवळपास सतरा महिन्यांत एकाच नावाच्या, एकाच समुद्राच्या काठच्या दोन गावांपैकी एकात शस्त्रक्रिया फुकट होती आणि दुसऱ्यात नव्हती. प्रायोगिक टप्पा हा शब्द शासनाच्या कागदावर निरुपद्रवी दिसतो.

योजना आली तेव्हा आरोग्य कार्ड छापून घरोघर वाटायचे ठरले होते. ते जमेपर्यंत रेशनकार्ड आणि फोटोचे ओळखपत्र चालेल, अशी तात्पुरती सोय केली. मला वाटते, संपूर्ण योजनेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता, आणि तो कोणी ठरवून घेतलेला नव्हता. महाराष्ट्रात तीन रंगांची रेशनकार्डे १ मे १९९९ पासून आली. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळे, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून वर पांढरे. कार्ड काढले होते गहू, तांदूळ, साखर आणि रॉकेलसाठी. पण ते घरात होते. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, देवाच्या फोटोमागे खोचलेले, पण होते. ते आपले आहे, त्याचा रंग कोणता, त्यावर कोणाकोणाची नावे, हे घरातल्या बाईला पाठ होते. दवाखान्यासाठी वेगळी गरिबी सिद्ध करावी लागली नाही. शिवाय १९९९ ची एक लाखाची मर्यादा महागाईबरोबर वाढली नाही, तरी कार्डांचे रंगही कोणी फारसे बदलले नाहीत. आगरात चार पोफळी आणि मुंबईत एक मिळवता मुलगा असलेले घरही केशरीवरच राहिले. नियमाने पाहिले तर ही ढिलाई. पण त्या ढिलाईमुळेच योजना सव्वादोन कोटींच्या घरात कुटुंबांपर्यंत पोचली.

दुसरी गोष्ट आरोग्यमित्राची. हीदेखील आंध्रातून आलेली कल्पना. करारातल्या, म्हणजे शासकीय भाषेत अंगीकृत, रुग्णालयात दर्शनी भागात एक टेबल, त्यामागे एक मुलगा किंवा मुलगी. कार्ड बघायचे, नाव संगणकात चढवायचे, डॉक्टरकडे पाठवायचे, उपचाराची पूर्वमंजुरी वरळीहून आली का ते पाहायचे आणि घरी जाताना कागद हातात द्यायचे. काम कारकुनी वाटते. पण हर्णैच्या बंदरावर मासळी निवडणारी बाई नवऱ्याला घेऊन मोठ्या रुग्णालयात शिरते, तेव्हा तिची पहिली अडचण पैशाची नसते. कोणाला विचारायचे, ही असते. काउंटरवरचा माणूस वर न बघता ‘डिपॉझिट’ म्हणतो आणि ती मागे वळते. त्या दारात ‘ताई, कार्ड आणलंत का, इकडे या’ म्हणणारे कोणीतरी पगारी माणूस असणे, याची किंमत हप्त्याच्या हिशोबात दिसत नाही. सगळेच आरोग्यमित्र असे वागतात असे नाही. काही जागी टेबल असते आणि माणूस जेवायला गेलेला असतो. काही जागी तो रुग्णालयाचाच नोकर झालेला असतो. तरी पत्रे गोळा करणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाची जागा या टेबलाने बऱ्याच अंशी घेतली, हे मान्य करायला हवे.

पॅकेजमध्ये, म्हणजे प्रत्येक उपचाराच्या ठरलेल्या दरात, खाट, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण आणि घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची देखभाल धरलेली होती. आणखी एक बारीक कलम होते, जे शहरातल्या माणसाच्या नजरेतून सुटते: रुग्णालयातून घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे. परतीचेच, जाण्याचे नाही. ज्याने हे कलम लिहिले त्याला खेडे ठाऊक होते, पण अर्धेच. आमच्याकडे माणूस अडतो तो जाताना. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत जाणे एक वेळ जमते. पुढे चिपळूण तालुक्यातल्या डेरवणला वालावलकर रुग्णालयात जायचे, जे कोकणातल्या कितीतरी घरांसाठी मुंबईच्या अलीकडचा शेवटचा मोठा थांबा आहे, तर गाडी करावी लागते. हृदयाचा, कर्करोगाचा रुग्ण तपासणीसाठी एकदा, अहवालासाठी दुसऱ्यांदा, तारखेसाठी तिसऱ्यांदा जातो. भरती होईपर्यंतच्या या फेऱ्या योजनेबाहेर आहेत. करारातली रुग्णालये मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांभोवती दाटलेली, आणि आमच्या किनाऱ्यावर विरळ. फुकट उपचाराचा हक्क सगळ्यांना सारखा, रस्ता मात्र ज्याचा त्याला.

आता कागदाची दुसरी बाजू. अण्णासाहेब तरुणपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, डोंगर-घाट तुडवत, ही गोष्ट गावात शाळकरी पोरालाही माहीत आहे. वयाची अट पुरी असूनही अंगाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, हे त्या गोष्टीचे शेपूट मात्र आपण भराभर सांगून मोकळे होतो. पात्र असणे आणि पात्र दिसणे यांतले अंतर त्यांनी चालून पाहिले होते. योजनेच्या टेबलाशी हे अंतर रोज मोजले जाते. रेशनकार्डावर ‘पार्वती’ आणि आधारवर ‘सुमन’, कारण लग्नात नाव बदलले. सासरच्या कार्डावर नाव चढवले नाही आणि माहेरच्या कार्डावरून कमी केले, म्हणजे ती बाई सरकारच्या लेखी कुठेच राहत नाही. चाकरमान्याचे नाव मुंबईच्या कार्डावर, दुखणे गावी. विभक्त झालेल्या भावांचे कार्ड अजून एकत्र आणि कार्ड थोरल्याच्या ताब्यात. तालुक्यातल्या कातकरी वस्त्यांत तर कितीतरी घरांची कार्डेच नव्हती. कोळशाच्या भट्ट्यांवर, वीटभट्ट्यांवर हंगामात हिंडणाऱ्या माणसाला पत्त्याचा पुरावा कोण देणार? योजना ज्यांच्यासाठी सर्वांत आधी हवी होती, त्यांच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी गेली, आणि गेली तीही आदिवासी वस्तीवर जाऊन कागद गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आणि आशाताईंच्या पायांनी.

नावांचा इतिहास थोडक्यात उरकतो. १ एप्रिल २०१७ पासून योजनेचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले. पाट्या रंगवणाऱ्यांना काम मिळाले. रुग्णाच्या तोंडी ‘जीवनदायी’च राहिले.

२३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रांचीहून सुरू झाली. कुटुंबाला पाच लाख. रक्कम मोठी, पण दाराशी मागायचा कागद वेगळा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणाच्या यादीत नाव असेल तोच पात्र, आणि त्या यादीत आपण आहोत की नाही हे कोणत्याच घराला माहीत नव्हते. महाराष्ट्रात सुमारे ८३ लाख कुटुंबे यादीत होती. एकाच वाडीत शेजारशेजारची दोन घरे, दोघांची कार्डे केशरी, दोघांची मिळकत मासळीवर. एकाला पाच लाख, दुसऱ्याला दीड. सर्वेक्षणाच्या दिवशी कोणाच्या घरी कोण होते, आणि काय सांगितले, यावर हे ठरलेले. पेटीतले रेशनकार्ड आणि संगणकातली यादी यांत मी डोळे झाकून कार्ड निवडीन.

१ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र बांधल्या गेल्या. दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनीने, म्हणजे या वेळी युनायटेड इंडियाने, दर कुटुंबामागे ७९७ रुपयांच्या हप्त्यावर सोसायचा. त्यावर पाच लाखांपर्यंतचा सोसायटीने स्वतः. सोसायटीच्या नावातली ‘हमी’ इथे खरी झाली. पण तो एप्रिल कोणता होता हे सांगायला नको. कोरोनामुळे २३ मे २०२० च्या निर्णयाने पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्यांना काही काळ योजनेत घेतले. त्यानंतर अकराव्या दिवशी, ३ जूनला, निसर्ग वादळ आले. मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, दिवसेंदिवस वीज नव्हती. ज्या घरांची छपरे गेली, त्यांच्या पेट्यांतले कागदही भिजले. फोन लागत नव्हते, तर ऑनलाइन पूर्वमंजुरी कुठली? कागदावर सर्वांसाठी उघडलेले दार आणि रस्त्यात आडवा पडलेला माड, असे ते दिवस होते.

२८ जून २०२३ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने पाच लाखांचे संरक्षण सर्वच कुटुंबांना द्यायचे ठरले आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झाले. उपचार १,३५६, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाख. पांढऱ्या कार्डाचा भेद गेला. याचे स्वागतच आहे, पण एक शंका बोलून दाखवतो. खाटा तेवढ्याच आणि हक्कदार जास्त झाले की रांगेत पुढे कोण सरकतो, हे आपण सारे जाणतो. ज्याला फोन करायला आमदाराचा सचिव ओळखीचा, तो. पिवळ्या कार्डाची एक अघोषित राखीव जागा होती, ती आता राहिली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न बघता, केंद्राच्या योजनेत वेगळे कार्ड मिळू लागले. मुरुडच्या दृष्टीने हा बदल सर्वांत मोठा ठरावा. पाखाडीच्या दोन्ही अंगांच्या घरांत आता कोण राहते ते पाहिले की कारण कळते.

गावची काही मुले अमेरिकेत आहेत, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. तिकडे गरिबांसाठी मेडिकेड आहे. अध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ ला कायद्यावर सही केली. पैसा केंद्राचा आणि राज्याचा, चालवायचे राज्याने. अ‍ॅरिझोना राज्य त्यात यायला १९८२ उजाडले, म्हणजे सतरा वर्षे; आमचे सतरा महिने त्या मानाने पुष्कळ बरे. योगायोग असा की २८ जून २०१२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार करायचा की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडले, आणि चारच दिवसांनी इकडे आठ जिल्ह्यांत आपली योजना सुरू झाली. पण तुलना करायची तर ती दुसऱ्या ठिकाणी करावी. मेडिकेडमध्ये साधी डॉक्टरची भेट, औषधे, बाळंतपण, दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय बसते, आणि वृद्धाश्रमासारख्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या बहुसंख्य म्हाताऱ्यांचा खर्च तोच कार्यक्रम उचलतो. आपली योजना मुख्यतः खाटेपासून सुरू होते आणि खाटेशी संपते. रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यात नाही. त्या गोळीअभावी झालेल्या पक्षाघाताचा उपचार आहे. पक्षाघातानंतर वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलवायला कोणी लागते, तेही नाही. गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथे साठा असला तर. शुश्रूषेसाठी शेजारीण आहे, तिला उसंत असली तर.

सोसायटीचे वार्षिक अहवाल उपचारांची संख्या आणि कोटींची रक्कम सांगतात. दारातून परत गेलेल्यांचा रकाना त्यांत नसतो. परत गेलेल्यांपैकी कित्येकांचा दोष एवढाच असतो की नावाच्या एका अक्षरात फरक आहे. तो फरक तब्येत ठीक असतानाच काढता येतो. म्हणून ग्रामपंचायतीत या योजनेच्या आयुष्मान कार्डाचे शिबिर लागेल तेव्हा आधार आणि रेशनकार्ड दोन्ही घेऊन घरातल्या सर्वांनी जावे. लग्न होऊन आलेल्या ज्या सुनांचे नाव अजून इकडच्या कार्डावर चढलेले नाही, त्यांच्या घरच्यांनी त्याआधी दापोलीच्या तहसील कचेरीतला पुरवठा विभाग गाठावा. अंगीकृत रुग्णालयात भरती झाल्यावर कोणी अनामत मागितली, तर पैसे काढण्यापूर्वी १५५३८८ हा क्रमांक लावावा. तो फुकट आहे आणि तो वरळीच्या या सोसायटीचाच आहे.